माझ्या काचेवरचे कुंकू

मित्रांनो, मी हवेतली विषारी वाफ ओळखणारे एक जुने लेझर यंत्र आहे. माझी कहाणी शांतपणे सांगणे मला जमणार नाही.

ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत सरोजताईंनी मला घडवले. प्रत्येक रेणू आपापल्या लयीत थरथरतो. झोपाळ्याला नेमक्या क्षणी हात लावला की तो उंच जातो, भलत्या क्षणी लावला की अडखळतो, रेणूंचेही तसेच. सरोजताईंनी माझ्या प्रकाशाच्या झटक्यांना असा आकार दिला, की हवेतल्या साऱ्या गर्दीत फक्त टोल्युइन या रंग पातळ करायच्या विषारी द्रवाचेच रेणू डोलावेत. ते डोलले की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदले आणि मी लाल दिवा लावी.

डोंबिवलीच्या एका रसायन कारखान्यात, टोल्युइनची पिंपे भरतात तिथे मला उभे केले. तिथे शेवंतीबाई काम करत. मी गळती पकडली की काम थांबे, झडप दुरुस्त होई. सुरुवातीला माझे कौतुक झाले. पुढे काम थांबते म्हणून व्यवस्थापक श्रीपादराव मला ‘रडकं पोर’ म्हणू लागले.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. शेवंतीबाईंनी मायेने मला कुंकू लावले, ते नेमके माझा प्रकाश जिथून बाहेर पडतो त्या काचेवर. मी आंधळे झाले. ‘दिसत नाही’ असे सांगणारा पिवळा दिवा मी लावला. तो शेवंतीबाईंनीच पाहिला आणि काच पुसू का, असे विचारले.

श्रीपादराव हसले. “पिवळाच आहे ना? लाल तर नाही? आणि पूजेचं कुंकू कोणी पुसतं का, बाई? राहू दे. जरा शांतता मिळेल.”

पिवळ्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. माझा राग आहे तो इथे. कुंकवावर नाही, ते लावणाऱ्या हातावर तर मुळीच नाही.

दसरा संपून काम सुरू झाले आणि झडप गळली. वासाची सगळ्यांना सवयच झालेली. मी प्रकाश सोडत राहिले, तो कुंकवावर आपटून विरत राहिला. शेवंतीबाई पिंपाशेजारी कोसळल्या. सोबतच्या मालनने त्यांना ओढून बाहेर नेले.

सरोजताई ठाण्याहून धावत आल्या. त्यांनी काच पुसताच, अजून रेंगाळणाऱ्या वाफेने माझा लाल दिवा लागला. मशीनच बिघडलेले होते, असे श्रीपादराव सांगू लागले.

“मशीन खरं बोलत होतं,” सरोजताई म्हणाल्या. “तुम्हालाच ऐकायचं नव्हतं.”

तरी मला गोदामात टाकायचा हुकूम निघाला. शेवंतीबाई दवाखान्यातून परतल्या, तेव्हा मी अजून जागेवरच, पण बंद होते. भिंतीला धरून त्या म्हणाल्या, “हे चालू करा, मग मी पिंपाला हात लावते. नाहीतर तुम्ही भरा, साहेब.” मालन आणि बाकीच्या बायाही हात बांधून उभ्या राहिल्या. साहेबांनी पिंप भरले नाही. मला चालू केले.

शेवंतीबाईंचे हात मात्र अजून थरथरतात. त्याला कुठलीच दुरुस्ती नाही.

मित्रांनो, यंत्राची निगा म्हणजे नुसते पुसणे नव्हे. ते ‘मला दिसत नाही’ म्हणाले, की काम थांबवा. जो थांबवू देत नाही, त्याला आधी त्या वाफेत उभे करा.