काठीची कावीळ

१९३४ च्या उन्हाळ्यात फुलसिंगबुवा वाशीमच्या बाजारात उतरला आणि तालुक्यातली कावीळ म्हणे घाबरून पळू लागली. निंबाखाली बुवा, पुढ्यात पाण्याच्या पराती. रोग्याच्या हातांना ‘गुरूचं औषध’ चोळून ते परातीत बुडवले, की स्वच्छ पाणी हळदीसारखं पिवळं. लोक हात जोडत, नारळांचा ढीग वाढे.

गर्दीत गिरजाबाई माळीण होती, कडेवर दीड वर्षाचा खेमा. पोट टणक, डोळे पिवळे. तिचा थोरलाही असाच गेला होता. म्हणून बुवाकडे येण्याआधी तिनं दवाखाना गाठला होता. तिथले डॉक्टर निजामुद्दीन लहान मुलांच्या यकृताच्या या दुर्मीळ रोगाचा अभ्यास करत होते. त्यांनी खेमाचं पोट चाचपलं, तो काय खातो, दूध कशात तापवता, घरात आणखी कुणाला झालं, सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाले, “बाई, हे कायनं होते ते मले अजून माहीत नाही. शोधून राह्यलो.”

तिचा नवरा नथ्थू चिडला. “ज्याले रोगच समजत नाही त्याच्याकडं कायले जावं? बुवाले समदं समजते.”

समजत होतं खरं. खेमाच्या पोटाला हातही न लावता बुवानं सांगितलं, “लिव्हर उलटी फिरली. मागच्या जन्माचं पित्त हाये, हातावाटे काढतो. पन दवाखान्याची बाटली पाजली त पित्त परत चढंन. मंग माह्याकडं येऊ नका.”

खेमाचे हात चोळले, बुडवले. पाणी पिवळं झालं. नथ्थूच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकराची बोटं धरून बसलेल्या गिरजाबाईनं आपला हात बाहेर काढला, तर तोही पिवळा. तिनं खेमाच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते सकाळइतकेच पिवळे होते.

“बुवा, माह्या हातातूनबी निघालं. मले त कावीळ नाही.”

“आईचीच लेकराले लागते, माय. तुहीबी उतरली. आनखी एक नारळ ठेव.”

आपले छोटे रोगी एकेक करून कुठे गेले, हे पाहायला डॉक्टरही तिथे आले होते. त्यांनी हातातली काठी पुढे केली. “बुवा, हे बी कालपासून सुस्त हाये. हिची उतरवा.”

लोक हसले. बुवाची समाधी लागली. गिरजाबाई थांबली नाही. तिनं बुवाच्या वाटीतलं औषध काठीला चोळलं आणि पुढच्या रोग्यासाठी भरून ठेवलेल्या परातीत ती बुडवली. पाणी पिवळं झालं.



“वाटीत आंब्याच्या सालीचा रस,” डॉक्टर म्हणाले, “परातीत चुन्याची निवळी. दोन भेटले की पिवळं होते. काठी असो का लेकरू.”

बुवाला एकाएकी शिरपूरच्या भक्तांची आठवण झाली. जाताना त्यानं नारळसुद्धा नेले नाहीत.

नथ्थूनं खालच्या आवाजात विचारलं, “मंग तुमच्या दव्यानं पोरगं बरं होईन?”

“तसा वादा नाही करत. तरास कमी करू शकतो. रोगाचं मूळ सापडाचं हाये. लेकरं बुवाकडंच गेली त सापडनारबी नाही.”

खेमा पोळ्याच्या आधी गेला. त्याचं दुखणं जितकं हलकं करता आलं तितकं डॉक्टरांनी केलं. त्यानंतर वांगी विकताना गिरजाबाईला पिवळ्या डोळ्यांचं लेकरू दिसलं, की तराजू खाली ठेवून ती त्याच्या आईला सांगे, “आदी दवाखान्यात जाय. तो डाक्तर देव नाही. त्याले जे येत नाही ते येत नाही म्हनते. म्हनूनच जाय.”