गाडी भरून आणावी

ताईला सकाळपासून बसवत नव्हतं. समोर एका गाडीचं ब्रेकचं काम पडलं होतं, हातासरशी उरकण्यासारखं. पण पाना उचलायचा, ठेवायचा, दारापर्यंत जायचं, रस्त्याकडे बघायचं आणि परत यायचं, असंच चाललं होतं. वाट येणाऱ्याची बघायची असते, गेलेल्याची नाही, हे तिला कळत होतं. पण कळतं ते वळलं असतं तर मग काय हवं होतं.

गेला होता तो तिचा धाकटा भाऊ. दारातून आत येताना मान वाकवावी लागणाऱ्या या माणसाला ताई अजून छोट्याच म्हणायची. घाटापलीकडे धरणाच्या मोजणीचं काम त्याला मिळालं होतं. सहा महिने एकट्याने जायचं, बायको आणि मुलगी इथंच राहणार, आणि परत आला की नोकरीला रामराम ठोकून ताईबरोबर गॅरेज बघायचं, असं ठरलं होतं. त्याच भरवशावर ताईने शेजारचा गाळाही घेऊन ठेवला होता. वडील गेल्यापासून तिने एकटीनेच गॅरेज ओढलं होतं, आणि आता ती खरंच थकली होती.

जीव थाऱ्यावर नाही तो छोट्याच्या जीपमुळे, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. धरणाकडचा रस्ता म्हणजे नुसते दगड, म्हणून तिने जीपला स्प्रिंगचे जाड पाटे घालून ती चार इंच उचलली होती. गाडी उचलली की दिसते रुबाबदार, पण पोटात दुखणं सुरू होतं. गिअरबॉक्स वर जातो, मागच्या चाकांना फिरवणारी लोखंडी पेटी, म्हणजे हौसिंग, खालीच राहतं, आणि दोघांना जोडणारा शाफ्ट तिरका होतो. हौसिंगचं नाक, म्हणजे शाफ्ट जिथं येऊन जोडतो ते तोंड, शाफ्टच्या सरळ रेषेत नसलं की सत्तरच्या पुढे गाडी थरथरते. दुर्लक्ष केलं तर एक दिवस शाफ्टचा जॉइंट तुटतो, आणि तो घाटात तुटला तर मग देवच वाली. उपाय एकच, पाटे आणि हौसिंग यांच्यामध्ये पाचर घालून नाक वर उचलायचं. पाचर किती जाड, यातच सगळी मेख.

या बाबतीत ताई महा खाष्ट होती. रिकाम्या गाडीत नाक आणि शाफ्ट यांचा कोन ती मोजायचीच नाही. जेवढं ओझं घेऊन गाडी पळणार, तेवढं भरून आणायचं, मगच माप. कारण वजनाने गाडी खाली बसते, शाफ्टचा उतार कमी होतो आणि नाक मात्र होतं तसंच वर बघत राहतं. लोक रिकामी गाडी आणून 'आमचं जास्त सामान नसतं हो' म्हणायचे, आणि ताई त्यांना दारातूनच परत पाठवायची. एकाला तर तिने सासूला घेऊन यायला लावलं होतं.

काल छोट्याने दोन बॅगा, एक गादी आणि मोजणीची पेटी आणली होती.

"एवढंच?" तिने विचारलं होतं.

"एवढंच," म्हणून तो पाण्याची बाटली शोधायला लागला होता.

तिने कोन जुळवला आणि गाडी स्वतः पळवून पाहिली. नव्वदलासुद्धा पोटातलं पाणी हललं नाही. तरीही आज पहाटे तो निघाला तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं.

दुपारी जीप परत दारात उभी राहिली. मागे ताडपत्री घट्ट बांधलेली.

"ताई, थरथरतेय गं," छोट्या उतरून म्हणाला. "सत्तरला गेली की खालून कुणी हातोडे मारतंय असं वाटतं. घाट सुरू व्हायच्या आतच वळवली."

आपलंच माप चुकलं, आणि तेही सख्ख्या भावाच्या गाडीत. ताई गाडीखाली शिरली. बोल्ट घट्ट होते, पाचर जागच्या जागी होती. कोन मोजला तर नाक तीन अंश जास्त वर. तिने पुन्हा मोजला, तेवढाच. सरकून बाहेर येताना तिचं लक्ष चाकाच्या वरच्या जागेकडे गेलं. काल तिथं तिची वीत मावत होती, आज तीन बोटं कमी.

ती मागे गेली आणि ताडपत्रीची दोरी सोडली. आत शेगडी, मिक्सर, भांड्यांची खोकी, गाद्या, आणि सगळ्यांच्या माथ्यावर, पाय वर करून ठेवलेलं भाचीचं अभ्यासाचं टेबल.

"त्या दोघी?" तिने विचारलं.

"सकाळच्या बसने पुढे गेल्या." छोट्या जमिनीकडे बघत होता. "कायमची नोकरी आहे तिकडे. सांगणार होतो. पण तू गाळा घेतलास, मग माझं तोंडच उघडेना."

"तोंड उघडायचं नव्हतं तर नव्हतं. गाडी तरी खरी भरून आणायची होतीस." तिचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "माझ्याशी खोटं बोललास ते मी गिळलं असतं. घाटात जॉइंट तुटला असता म्हणजे?"

ताईला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. तिने यातलं काहीच केलं नाही. फडक्याला हात पुसत राहिली.

"आता कशी बसवू?" तिने विचारलं. "भरलेली धरून की रिकामी?"

"म्हणजे?"

"भरलेली धरून बसवली तर आत्ता नीट जाशील. तिकडे सामान उतरवलंस की कोन पुन्हा बिघडणार. दगडात काही कळायचं नाही, तिथं सत्तरने कोण चालवतंय. थरथरेल ती इकडच्या रस्त्यावर, रिकामी परत आणलीस तर."

"मधलं काही नसतं?"

"असतं. मग जातानाही थोडी थरथरते आणि येतानाही."

छोट्याने टेबलाच्या वर आलेल्या पायावर हात ठेवला.

"भरलेली धर," तो म्हणाला.

ताईने फळीवरून पातळ पाचर काढली. जॅक लावला आणि खाली शिरली. पहिला बोल्ट हलेना, तेव्हा तो न विचारताच दुसऱ्या बाजूने आत आला आणि त्याने पाना धरला. ती नुसतं 'हं' म्हणायची आणि तो जोर लावायचा. असंच रोज काम करायचं दोघांचं ठरलं होतं.

पाचर बसली. गाडी चाकांवर उतरवून तिने कोन मोजला, नाक शाफ्टच्या सरळ रेषेत आलं होतं. छोट्या बाहेर निघून हात धुवायला गेला. ताईने सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळून पाहिले, आणि मग तशीच गाडीखाली पडून राहिली. ती बाहेर आली की तो निघणार होता.