बाळंतिणीची लापशी

राणी ओटिलिया बाळंत झाली तेव्हा तिला कुणी लापशी नेली नाही. गावात साध्या कोळ्याच्या बायकोलासुद्धा शेजारणी लोणी घातलेली जवाची लापशी नेतात, आणि ही बिचारी जर्मनीहून आलेली, किल्ल्यात एकटी. राणीला शेजारीण कुठून असणार? मी किल्ल्याच्या दूधघरात लोणी काढायची. दूधघर तिच्या खिडकीखालीच, म्हणजे शेजारीण मीच, असं मी ठरवून टाकलं.

नवरा म्हणाला, "सिड्सेल, डोकं फिरलंय का तुझं? नोकरी जाईल, घरही जाईल."

"बाळंतीण ती बाळंतीण," मी म्हटलं.

सासूचा नक्षीचा लाकडी डबा भरून नेला. दारावरच्या बाईसाहेबांनी नाक मुरडलं, पण डबा आत घेतला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा!

लापशीचा डबा रिकामा परत करणं म्हणजे आमच्याकडे तोंडावर सांगणं, की पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. मूठभर पीठ, एखादं सफरचंद, काहीतरी ठेवतातच.

"घ्या! निघाल्या होत्या राणीच्या शेजारीणबाई," माझ्याबरोबर लोणी काढणारी बोडिल दूधघरात सगळ्यांसमोर म्हणाली.

मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी पोटुशी होते आणि घर किल्ल्याचं होतं. हाकलून दिलं तर भर थंडीत बाळंतपण करायचं कुठे? रोज वाटायचं, आज निरोप येणार. एकदा अंगणात राणी समोर आली आणि हसली. मी सरळ मान फिरवली. रागाच्या भरात मला कधीच अक्कल नसते.

मुलगी झाली तेव्हा बाहेर बर्फ पडत होतं. लापशी घेऊन कुणी आलं नाही. राणीच्या मर्जीतून उतरलेलीच्या घरी कोण येणार? मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, तेवढ्यात दार वाजलं.

दारात राणी. अंगावर बर्फ, हातात फडक्यात गुंडाळलेलं चांदीचं भांडं. मागे बोडिल, मान खाली घालून.

"तू माझ्याकडे बघत का नाहीस, ते मी हिला विचारलं," राणी अडखळत म्हणाली. "तेव्हा कळलं. आमच्याकडे भांडं स्वच्छ करून देतात, तोच मान. तुझा डबा मी स्वतः घासला गं. दासींना हात लावू दिला नाही. या देशात मला कुणी मनानं दिलेलं ते पहिलंच जेवण होतं."

मी भांड्यावरचं फडकं सोडलं. मी चमचा उचलला. लापशी चांगलीच करपली होती.

"कुणी केली, राणीसाहेब?"

"मी. पहिल्यांदाच."

मी तळ खरवडून सगळी खाल्ली. इतकं गोड त्याआधी काही लागलं नव्हतं, आणि त्या बाईचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मग बोडिलला म्हटलं, "बघतेस काय? भांड्यात लोण्याचा गोळा ठेव."

राणीने भांडं हातात घेतलं, आत बघितलं आणि माझ्या अंथरुणाच्या कडेला बसून रडायला लागली.

"म्हणजे मी परत येऊ?"

"यायलाच पाहिजे," मी म्हटलं, आणि लेक तिच्या मांडीवर दिली.