हक्कसोडीतलं लग्न

रामकिसननं तीन वर्षं एक गोष्ट तोंडातून काढली नव्हती. दुसऱ्यांच्या लग्नांना तो जायचा, अक्षता टाकायचा, पोटभर जेवून यायचा. पण आपल्या अर्पितानं कृष्णराजशी लग्न केलंय, हे त्यानं एकदाही कबूल केलं नाही. ती नोंदणी करून आली त्याच आठवड्यात त्यानं पेपरात जाहीर नोटीस दिली. मुलगी आमच्या कह्यात नाही, तिच्याशी आमचा संबंध नाही. त्यातही लग्नाचं नाव नाही. वर बेंबळीत सांगत फिरला, पोरगी पुण्याला कोर्स करतीय. जसं काही गावात पेपर कुणी वाचतच नाही.

नेमकं हेच अर्पिताच्या मुळावर आलं. कृष्णराज ऑस्ट्रेलियात ट्रक दुरुस्त करायचा. बायकोला तिकडं न्यायला त्यानं अर्ज केला, आणि तिकडच्या कचेरीचं पत्र आलं. नुसत्या नोंदणीच्या दाखल्यावर लग्न खरं आहे असं पटत नाही. फोटोत एकही नातलग नाही, मुलीच्या वडिलांनी दिलेल्या नोटिशीतही या लग्नाचा उल्लेख नाही. अठ्ठावीस दिवसांत पुरावा द्या, नाहीतर अर्ज फेटाळू. कृष्णराजला आईबाप नव्हते. अर्पिताला होते, पण ते असून नसल्यासारखे. बाप म्हणतो लग्न झालंच नाही, ऑस्ट्रेलियातला साहेबही तेच म्हणतो. दोघांनी एकमेकांचं तोंड न बघता कशी एकी केली, म्हणून ती भाड्याच्या खोलीत एकटीच चरफडायची.

एकविसाव्या दिवशी भावाचा, शंभूचा फोन आला. तीन वर्षांनी, आणि ‘कशी आहेस’ सुद्धा नाही.

“रस्त्याकडंच्या दोन एकरात पेट्रोल पंप टाकायचाय. वडिलोपार्जित रान हाय, तुझी हक्कसोड लागतीय. उद्या धाराशिवला रजिस्ट्रीत ये.”

संबंध नाही म्हणून छापणाऱ्याला सही मात्र संबंधातलीच लागत होती. अर्पिता म्हणाली, “येते.”

रजिस्ट्री कचेरीबाहेर पत्र्याखाली कल्याणप्पाचं टेबल होतं. बाँड लिहिण्यात त्याचे केस पिकले होते. रामकिसन बाकावर पाठ फिरवून बसला होता, शेजारी साक्षीदार म्हणून आणलेला भावकीतला अण्णाराव, आणि टेबलाला टेकून शंभू उभा. कुणी तिला ‘बस’ म्हटलं नाही. ती बसली.

कल्याणप्पानं चष्मा चढवून दस्त वाचायला घेतला. “लिहून देणार, अर्पिता कृष्णराज. माझ्या वडिलांनी माझे लग्न थाटामाटात करून दिले असून योग्य तो मानपान केला आहे. मी सासरी सुखाने नांदत आहे. सबब...”

रामकिसन ताडकन उठला. “कुणी करून दिलं? काय लिवलंय ह्ये?”

“समद्या हक्कसोडीत ह्योच मजकूर असतोय, रामकिसनराव.”

“त्या माणसाचं नाव काढा आधी!”

“आधारवर हाय. काढलं तर आत साहेब दस्त परत करत्यात.”

“बापूंचं बरोबर हाय,” अर्पिता म्हणाली. “थाटामाट, मानपान समदं खोटं हाय. खरं लिवा. माझं कृष्णराजशी नोंदणी लगीन झालं. ते वडलांच्या मर्जीविरुद्ध झालं, म्हणून घरचं कुणी आलं न्हाय. त्याच रागापायी त्यांनी नोटीस दिली. त्याखाली बापूंची सही पायजे. मग माझा अंगठा.”

शंभूनं डोळे बारीक केले. “ह्ये तुला कशाला पायजे?”

“नवऱ्याकडं जायला पायजे. लपवायचं काय त्यात? तुला पंप पायजे, मला ह्यो कागद.”

रामकिसन प्रथमच तिच्याकडं वळला. “तुझं काम व्हत असंल तर म्या सही करणार न्हाय. पंप गेला खड्ड्यात.”

“बापू!” शंभू ओरडला. “दोन वरीस झालं हेलपाटं घालतोय म्या. तुमच्या हट्टापायी माझ्या पोटावर पाय देताव व्हय?”

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. बाप लेकाकडं बघत होता आणि लेक बापाकडं, आणि दोघांच्या नजरेत ती कुठंच नव्हती. अर्पिताला तेव्हा खरोखर दोघांचाही तिटकारा आला. हात जोडायला ती आलीच नव्हती.

“बरं,” रामकिसन दात खाऊन म्हणाला. “लिवा तिचं म्हणणं. पर फुडं माझंबी एक लिवा. लगीन केलं त्याच दिशी ती आमाला मेली.”

कल्याणप्पानं पेन खाली ठेवलं. “तसं लिवता येत न्हाय. हक्क सोडायला माणूस जित्तं लागतंय.”

अण्णाराव खाकरला. तेवढ्यानंही रामकिसनचा चेहरा पडला. ज्याला तीन वर्षं कोर्स सांगितला, त्याच्याच देखत सगळं वाचलं गेलं होतं.

“करा की सही,” अण्णाराव म्हणाला. “गावाला कवाच ठावं हाय. तुमीच तेवढं ऱ्हायला व्हता.”

रामकिसननं सही केली. पेन इतकं दाबलं, की कागद फाटला असता.

आत साहेबांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, “मजकूर मान्य आहे? मुलगीच ना ही तुमची?”

“व्हय.”

“लग्न झालंय तिचं?”

त्यानं भिंतीकडं बघितलं. शंभूनं त्याला कोपरानं ढोसलं.

“झालंय.”

कॅमेऱ्यापुढं बसायच्या आधी त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं, टोपी सरळ केली. लग्नघरी बाप करतो तसंच. अर्पितानं ते पाहिलं आणि तिला त्याची माया आली. मग त्या मायेचाच तिला राग आला.

दस्ताची नक्कल हातात पडल्यावर शंभू म्हणाला, “झालं तुझं. आता बेंबळीत पाय ठिवू नको.” रामकिसन तोवर फाटकाबाहेर गेला होता. त्यानं मागं बघितलं नाही.

ती पत्र्याखाली उभी राहून शेवटचं पान बघत राहिली. बापाच्या तोंडून ‘झालंय’ एवढं काढायला दोन एकर रान लागलं होतं. पानावर वर तिचा फोटो आणि अंगठा, खाली त्याचा फोटो आणि सही. तिच्या लग्नाच्या कागदपत्रांत बापाचा हा एकच फोटो. दोघांच्याही कपाळावर तीच आठी, ओठ तसेच आवळलेले. ऑस्ट्रेलियातल्या साहेबानं हे नुसतं बघितलं असतं तरी त्याला कळलं असतं, हे कुणाचे कोण ते.