एक्केचाळिसावा ठोका

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शिवणकामाच्या दुकानातून फोन लागला आणि पंपाचे ठोके ऐकू आले. न्हाव्याने समाधानाने मान डोलावली. तेलविहीर चालू होती.

विहीर दोन दिवसांच्या वाटेवर. ती बंद पडल्याची कुजबुज वर्षभर कानावर होती, म्हणून न्हावी, घड्याळजी आणि दुकानाची मालकीण या तिघा भागीदारांनी दर मंगळवारी ही पडताळणी ठरवली होती. पलीकडचा राखणदार फोन पंपाशी धरी. त्या आवाजात बोलणं अशक्यच. मध्येच त्याचा खोकला तेवढा ऐकू येई. तो दुकानाच्या मालकिणीचा दीर. तिनेच त्याला तिकडे धाडलं होतं. तिला खोकला पुरे होता.

"वहिनी," घड्याळजी म्हणाला, "खोकला एक्केचाळिसाव्या ठोक्याला आला. गेल्या मंगळवारीही. त्याआधीही."

"याला स्वतःच्या लग्नातसुद्धा घड्याळच दिसलं होतं," न्हावी म्हणाला.

वहिनीने पुन्हा नंबर फिरवला. तिघांनी मोजलं. एक्केचाळीस. खोकला.

"टेप लावलीय कुणीतरी," न्हावी हळूच म्हणाला.

"मग तो कुठाय?" वहिनीने विचारलं.

गुरुवारी ती आणि घड्याळजी जीपने निघाले. न्हाव्याने शनिवारी दुपारी बरोबर तीनला दुकानातून फोन करायचा असं ठरलं.

शनिवारी तीनला ते विहिरीवर होते. पंप नव्हता. विहिरीचं तोंड सिमेंटने बुजवलेलं. सिमेंट ओलं असताना कोरलेली तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. राखणदाराच्या खोलीला बाहेरून कुलूप. काचेतून खाट दिसली, वहिनीने विणलेला मफलर दिसला, टेबलावर फोन दिसला. त्याची वायर तुटून लोंबत होती. फोन वाजला नाही. कुलूप दिसत असूनही वहिनीने दार वाजवलं. तीनदा.

परतीच्या वाटेवर पेट्रोलपंपावरून त्यांनी न्हाव्याला फोन केला.

"लागला ना, तीनलाच," न्हावी म्हणाला. "पण आज खोकला नाही आला. एक्केचाळिसाव्या ठोक्याला पंपच थांबला. मग दार वाजलं, तीनदा. आणि तो म्हणाला, 'आलो, वहिनी.'"

सोमवारी पोलिसांनी कुलूप तोडलं. खोलीत कोणी नव्हतं. मफलरही नव्हता.

काल मंगळवार होता. अकरा दहाला वहिनीने नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही.