भिंगाच्या कडेचा लाल ठिपका

मित्रांनो, स्फाक्स या बंदराच्या शहरातल्या विद्यापीठात दुसऱ्या मजल्यावर बसलेला मी एक म्हातारा कन्फोकल सूक्ष्मदर्शक. जिवंत पेशीतल्या रेणूंना चमकणारा रंग लावतात. मी लेझरचा किरण सोडतो आणि उजळलेले रेणू पडद्यावर दाखवतो. माझी सारी मिजास एका बारीक छिद्रावर आहे. ज्या थराकडे पाहायचे, त्याचाच उजेड त्यातून आत येतो. इतर थरांचा बाहेरच अडतो.

आलो तेव्हा माझे केवढे कौतुक झाले! मग नवी यंत्रे आली आणि मी कोपऱ्यात गेलो. संशोधन करणारी दोर्साफ मात्र माझ्याकडेच येई.

एकदा तिने मलाकच्या स्नायूंच्या पेशी आणल्या. मलाक म्हणजे जिना चढताना मध्येच थकून बसणारी लहान मुलगी. तिच्या पेशीत अडकून पडलेला एक रेणू नव्या औषधाने कडेपर्यंत पोचतो का, हे पाहायचे होते. पोचला, तरच डॉक्टर औषध सुरू करणार होते. पेशी संध्याकाळपर्यंतच तग धरणार होत्या, आणि माझे भिंग आणि पेशींवरची काच यांच्यामध्ये लागणारे खास तेल बंदरावर जकातीत अडकले होते.

दोर्साफने न्याहारीच्या पावाशेजारची ऑलिव्ह तेलाची बाटली उचलली. मामाच्या घाण्यावरचे ताजे, हिरवेगार तेल. तिचे प्राध्यापक हेदी, ज्यांना सारे आदराने 'सी हेदी' म्हणत, दारातच हसले.

"कान दुखला, तेल. खोकला झाला, तेल. आता यंत्रालाही पाज, पोरी."

"दुसरं काही असेल तर द्या, सी हेदी. नाहीतर हसू तरी नका."

तिने भिंगावर थेंब सोडला. किरण पडताच सारा पडदा लाल झाला. अशा तेलात पानांचा हिरवा रंग उतरलेला असतो, आणि लेझर पडला की तो लाल चमकतो. मलाकच्या रेणूलाही नेमका लालच रंग लावलेला. मामाच्या तेलाचा अस्सलपणाच आमच्या मुळावर आला. दोर्साफचा चेहरा उतरला. मलाही फार वाईट वाटले.

सी हेदींचे हसू थांबले होते. "तेल काचेच्या बाहेर आहे, पेशी आत," ते हळूच म्हणाले. "छिद्र आवळ."

तिने आवळले. हे तर माझेच काम! लाल धुके विरत गेले आणि पेशीच्या कडेकडेने बारीक ठिपके उजळले. रेणू पोचला होता. दोर्साफ रडू लागली. सी हेदींनी तोंड फिरवून मामाच्या घाण्याचा पत्ता विचारला.

मागच्या वसंतात मलाक लिफ्ट सोडून जिन्याने वर आली आणि न थांबता थेट माझ्यासमोर उभी राहिली. तेव्हापासून मला कोपऱ्याचे काही वाटत नाही.

मित्रांनो, एवढेच करा. काम झाले की आमची भिंगे मऊ कागदाने हलकेच पुसत जा. वाळलेले तेल आम्हाला आंधळे करते. दोर्साफ रोज पुसते. तरी माझ्या भिंगाच्या कडेला मामाच्या तेलाचा, किरणात लाल चमकणारा एक ठिपका उरला आहे. तो मात्र राहू द्या.