इद्दतीतलं समन

मुन्सफ साहेब, त्या बाईला रस्त्यावर तुम्ही आणलंत. घरमालकाचं नाव पुढं करू नका, शिपायाचंही करू नका. हुकमावर सही तुमची आहे. भाडं थकलं म्हणून मालकानं हात बांधून बसावं असं कुणी म्हणत नाही. त्यानं दावा करावा, भाडेकऱ्याला बोलावणं जावं, त्याचं ऐकून घ्यावं, मुदत द्यावी, आणि तरीही भाडं आलं नाही तर जागा खाली करून घ्यावी. कायदा असाच आहे आणि तो बरा आहे. तुम्ही त्यातलं ऐकून घेणं तेवढं गाळलंत. बाकी सगळं चोख केलंत.

ज्याच्या खोट्या साक्षीवर तुम्ही विसंबलात, तो हणमंतप्पा काही राक्षस नव्हता. कळंबच्या वाटेवरच्या एका बाजाराच्या गावात त्याचं किराणा दुकान होतं. जागा आण्णासाहेबांची. दुकानामागच्या दोन खणांत, त्याच मालकाचा भाडेकरू म्हणून, मकबूल पिंजारी राहायचा. तो कापूस पिंजायचा, त्याची बायको शरिफाबी गाद्या शिवायची. हणमंतप्पाची बायको इरम्मा आणि शरिफाबी यांच्यात एक भिंत होती, आणि त्या भिंतीवरून वीस वर्षं ताक, कोथिंबीर आणि गावभरच्या चुगल्या जात-येत होत्या.

निजामी अमलातल्या तेराशे बावन्न फसलीत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, मकबूल छातीच्या दुखण्यानं पडला. काम बंद, तसं भाडंही बंद. चार महिने अंथरुणात काढून तो गेला, आणि शरिफाबी इद्दतीला बसली. नवऱ्यामागं चार महिने दहा दिवस बाईनं त्याच्याच घरात राहायचं, उंबरा ओलांडायचा नाही. त्या गावची रीत तर आणखी कडक होती. परका पुरुष दाराशी आला तर आतून आवाजसुद्धा द्यायचा नाही. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. हणमंतप्पाला तर सगळ्यांत जास्त.

विसाव्या दिवशी भिंतीवरून निरोप आला. इरम्मानं तो जेवताना नवऱ्याला सांगितला.

"शरिफा म्हणती, इद्दत सरली की लगनसराईच्या गाद्या शिवीन आन् समदं भाडं फेडीन. आण्णासाहेबांच्या कानावर घाला म्हणली."

"घालतो की."

"आजच घाला."

"अगं व्हय म्हणलो न्हवं? भाकर तरी गिळू दे."

तो गेलाही. आण्णासाहेब अडतीवर बसले होते. लढाईनं धान्याला भाव चढला होता आणि त्यांना कोठाराला जागा हवी होती. हणमंतप्पा तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "आप्पा, तुझ्या दुकानाचा करार औंदा संपतोय, ध्यानात हाय न्हवं?" हणमंतप्पा हसला, पान खाल्लं आणि परत आला. निरोप त्याच्या पोटातच राहिला. पोचवला का, असं बायकोनं विचारल्यावर तो व्हय म्हणाला.

मग आण्णासाहेबांनी थकल्या भाड्याचा दावा लावला, आणि एका बाजारच्या दिवशी शरिफाबीच्या नावे कचेरीचं समन आलं.

दुकानात गर्दी होती. कोंडीराम नावाचा एक गिऱ्हाईक गूळ तोलून घेत होता.

"आप्पा, तागडीवरचा अंगठा काढा की जरा."

"अंगठा न्हाय रं, गूळच जड हाय. गेल्या पावसाचा."

"मंग पाऊस बाजूला काढा, आन् निस्ता गूळ द्या!"

लोक हसत होते तेवढ्यात आण्णासाहेबांचा मुनीम महांतप्पा कचेरीच्या शिपायाला घेऊन आला. शिपाई दूरचा, गावात नवखा. त्यानं शरिफाबीच्या दारापुढं उभं राहून तीनदा हाक मारली. आतून कुणी बोललं नाही. फक्त एक खोकला आला, तोही पदराआड दाबलेला.

शिपाई दुकानाकडं वळला. "काय हो दुकानदार, बाई मुकी हाय का? आत तर हाय, मंग समन का घेत न्हाय?"

हणमंतप्पानं काय सांगायचं होतं? एवढंच, की बाई इद्दतीत हाय, बोलणार न्हाय, माझ्या बायकोला आत धाडतो, ती कागद दील. अर्ध्या मिनिटाचं काम. पण महांतप्पा त्याच्याकडं बघत होता. डोळे वटारून नाही, उलट प्रेमानं बघत होता.

"आप्पा शेजारी हायेत," महांतप्पा म्हणाला, "त्येंनाच ठावं."

हणमंतप्पानं तागडी खाली ठेवली. "घेत न्हाय म्हणती," तो म्हणाला. "लई हट्टी बाई हाय."

शिपायानं लिहिलं, समन घेण्यास नकार. पंच म्हणून हणमंतप्पानं सही केली. दुसरी सही महांतप्पाची. मग खळ लावून तो उर्दू कागद दारावर डकवला, बाहेरच्या अंगाला. आत बसलेल्या बाईला बाहेर यायची बंदी, आणि तिचं बोलावणं दाराच्या बाहेर! साहेब, तुमच्या दप्तरात याला समन बजावलं असं म्हणतात.

"कसला कागद वो त्यो?" संध्याकाळी इरम्मानं विचारलं. तिला अक्षर येत नव्हतं.

"पलेगाची सुई टोचायचा. समद्याच दारांवर लावत्यात."

त्या दिवसापासून हणमंतप्पा मागल्या अंगणात जाईनासा झाला. भिंतीवरून बायकांचं बोलणं ऐकू आलं की तो उगाच पोती हलवायचा. तारीख आली नि गेली. शरिफाबी हजर नाही म्हणून निकाल एकतर्फी लागला. पुढं ताब्याचा हुकूम निघाला. दारावरचा कागद वाऱ्यानं फाटून गेला, तरी हणमंतप्पाला त्या दाराकडं बघवत नव्हतं.

हुकूम घेऊन माणसं भर दुपारी आली तेव्हा इद्दतीचे बारा दिवस उरले होते.

या वेळी कुणी हाका मारल्या नाहीत. कडी उचकटली. भांडी बाहेर आली, पिंजायची कमान आली, कापसाचं गाठोडं सुटून अंगणभर झालं. शेवटी शरिफाबी आली, डोक्यावरून गोधडी ओढून, भिंतीला हात लावत. चार महिने अंधारात बसलेल्या बाईला ऊन सोसेना. ती दाराशीच खाली बसली. गल्लीतली म्हातारी सरदारबी धावत आली आणि आपल्या अंगाचा आडोसा करून उभी राहिली. "ह्यो गुन्हा तिचा न्हाय रे अल्ला," ती म्हणत होती, "तिच्या नावावर लिवू नको."

"समदं कायद्यानं चाललंय," महांतप्पा म्हणाला. खरंच होतं.

इरम्मा आडवी झाली. "बारा दिस! बारा दिस कळ निघंना तुमाला?" मग ती नवऱ्याकडं वळली. "आवं, तुमी तरी बोला की! दगड झालासा का?"

तेव्हा गोधडीतून आवाज आला. मकबूल गेल्यापासून शरिफाबी परक्या पुरुषाशी बोललेले ते पहिले शब्द.

"आप्पाभाऊ, माजा निरोप तुमी पोचीवला व्हता. मंग आण्णासाहेबांनी आसं का केलं?"

तिला संशयसुद्धा नव्हता. शिवी दिली असती तर हणमंतप्पानं ती खाल्ली असती. त्यानं बायकोकडं बघितलं. इरम्माला सगळं कळलं, निरोप आणि सुईचा कागद, दोन्ही. शरिफाबीला बगलेत धरून तिनं आपल्या स्वैपाकघरात नेलं आणि नवऱ्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हणमंतप्पानं दुकान उघडलं नाही. तो चालत कचेरीत गेला. आपल्याच पायानं आलेला पंच पाहून तिथला कारकून, पेशकार, गोंधळला. साहेब, तुम्हाला मराठी चांगलं कळत होतं.

"हुजूर, म्या खोटी सही केली. बाईनं नकार दिला न्हवता. ती इद्दतीत व्हती. मला ठावं व्हतं."

"खोट्या साक्षीला तुरुंग आहे. माहीत आहे?"

"घाला तुरुंगात. दुकान तर आण्णासाहेब काढून घेतीलच. पर तिला तिचं घर द्या."

"निकाल झाला. ताबा गेला. आता बाईनं स्वतः येऊन अर्ज केला पाहिजे."

"ती आजून अकरा दिस भाईर येऊ शकत न्हाय, सरकार. म्हणून तर हे झालं!"

तुम्ही चष्मा पुसलात. पुढचा कागद ओढलात. पेशकारानं हणमंतप्पाला हातानं खूण केली, चल. हणमंतप्पा हलला नाही. त्याचा आवाज कचेरीच्या पायरीपर्यंत गेला.

"बाई दाराआड गप बसली, तवा तुमी लिवलं की तिनं नकार दिला. आता म्या इचारतोय आन् तुमी गप बसलाव. ह्येचं काय लिवायचं, हुजूर? बोला. म्या हितंच उभा हाय."